बुडबुडे आणि वाकलेली तार

२२ व्या वर्षी एका विद्यार्थ्यानं स्फटिकांचं कोडं सोडवलं. पन्नाशी उलटल्यावर तोच माणूस साबणाच्या बुडबुड्यांत धातू शोधत बसला. लॉरेन्स ब्रॅगची ही गोष्ट.

भिगवणला हायवेच्या कडेला माझ्या मामाचं वेल्डिंगचं दुकान आहे. उसाच्या ट्रॉल्या, गेट, पत्र्याच्या शेडचे सांगाडे, काय वाट्टेल ते तिथं येतं. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथं खुर्ची टाकून बसले होते आणि हाताला चाळा म्हणून बाइंडिंग तारेचा एक तुकडा वाकवत होते. सळया बांधायला वापरतात ती काळी तार. इतकी मऊ की बोटानं वाकते. वाकवली, सरळ केली, परत तिथंच वाकवली. तीन-चार वेळा झाल्यावर ती जड जायला लागली. मग वाकलेली जागा गरम लागली आणि तार टक्कन तुटली.

मामानं माझ्याकडे न बघताच सांगून टाकलं, की तार वाकवत राहिलं की ती कडक होते आणि तापवून गार केली की परत मऊ होते. हे त्याला त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांनाही हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तांब्याचा हंडा ठोकून ठोकून घट्ट होतो आणि मध्येच भट्टीत घालून त्याला नरम करावं लागतं. पण का? ते मामाला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नाही. मी बारावी सायन्स कशीबशी पार करून मास कॉमला पळालेली मुलगी.

त्या 'का'च्या मागे लागले आणि एका माणसापाशी पोचले. बी.एस्सी. फिजिक्सची मुलं त्याचा नियम पाठ करतात. एन लॅम्डा इज इक्वल टू टू डी साइन थीटा. ब्रॅगचा नियम. वायवाला हमखास विचारतात म्हणे. मला मात्र आधी एकच गोष्ट टोचली. हा नियम मांडला तेव्हा ब्रॅग २२ वर्षांचा होता. मीही २२ चीच आहे. त्यामुळे माझ्याच वयाचा आहे तोवर त्याला अरेतुरेच करते.

तुटलेलं कोपर

विल्यम लॉरेन्स ब्रॅगचा जन्म ३१ मार्च १८९० चा, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातला. वडील विल्यम हेन्री ब्रॅग तिथल्या विद्यापीठात गणित आणि फिजिक्सचे प्राध्यापक. आईचे वडील चार्ल्स टॉड यांनी ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत, पार वाळवंटातून तारायंत्राची लाइन टाकून घेतली होती. म्हणजे घरात दोन्हीकडून विज्ञानच. मुलाचं नावही वडिलांचंच, विल्यम. घरात त्याला विली म्हणत. हे एकच नाव पुढे त्याला किती महागात पडणार होतं, हे तेव्हा कुणाला माहीत!

विली सहाएक वर्षांचा असताना तीनचाकी सायकलवर खेळत होता. धाकट्या भावानं, बॉबनं, मागून उडी मारली. विली पडला आणि डावं कोपर मोडलं. काही महिन्यांपूर्वीच तिकडे जर्मनीत राँटगेननं एक्स-रे शोधले होते आणि ते वाचून ब्रॅगच्या वडिलांनी घरच्या घरी तसा प्रयोग चालवला होता. त्यांनी पोराचा हात त्या उपकरणासमोर धरला. ठिणग्या, तडतड, विचित्र वास. पोरगं घाबरून गेलं होतं. पण हाडाचा फोटो आला. ऑस्ट्रेलियात औषधोपचारासाठी काढलेल्या अगदी पहिल्या एक्स-रेंपैकी तो एक. कोपर पुरतं कधीच सरळ झालं नाही. एक्स-रेची आणि ब्रॅगची ओळख झाली ती अशी.

मुलगा अबोल होता. शाळेत सगळे त्याच्यापेक्षा मोठे, कारण याला वरच्या वर्गांत ढकललेलं. मैदानावर याचं काही चालायचं नाही. मग हा एकटा समुद्रकिनाऱ्यावर शंख-शिंपले गोळा करत फिरायचा. एकदा त्याला समुद्रफेन सापडला. समुद्रफेन म्हणजे माकुळाच्या पाठीतलं पांढरं हलकं हाड. हा वेगळा होता, तेव्हा कुणालाच माहीत नसलेल्या जातीचा. १९०७ मध्ये त्या माकुळाला नाव मिळालं, सीपिया ब्रॅगी. नोबेल वगैरे सगळं नंतरचं. त्याचं आडनाव विज्ञानात पहिल्यांदा आलं ते एका माकुळामुळे. मासळीबाजाराच्या गावात हा लेख लिहितेय म्हणून हे सांगायचा मोह आवरला नाही.

पंधराव्या वर्षी विद्यापीठात, अठराव्या वर्षी गणितात पहिल्या वर्गाची पदवी. १९०९ मध्ये वडिलांना इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात जागा मिळाली आणि अख्खं कुटुंब जहाजानं निघालं. लॉरेन्स केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. स्कॉलरशिपचा गणिताचा पेपर त्यानं न्यूमोनिया झालेला असताना अंथरुणात पडून लिहिला आणि स्कॉलरशिप मिळवली. नंतर वडिलांच्या सांगण्यावरून गणित सोडून फिजिक्सकडे वळला.

डाळिंबाची बाग

१९१२ चा उन्हाळा. ब्रॅग कुटुंब यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर सुट्टीला गेलेलं. तिथं वडिलांना एक पत्र आलं. म्युनिकमध्ये माक्स फॉन लाऊए यांच्या सांगण्यावरून दोघांनी स्फटिकातून एक्स-रे सोडले होते आणि मागच्या फोटोप्लेटवर ठिपक्यांची सुंदर नक्षी उमटली होती. एक्स-रे म्हणजे लाटा की कण, हे भांडण तेव्हा जोरात होतं. ब्रॅगचे वडील कणवाले. लाऊए लाटावाले. सुट्टीभर बाप-लेक याच्यावर बोलत राहिले. वडिलांची बाजू बरोबर ठरावी म्हणून लेकानं प्रयोगही करून पाहिला. जमला नाही.

मग तो केंब्रिजला परतला. कॉलेजच्या मागे नदीकाठी हिरवळ आहे. तिथून चालताना त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याच्या लक्षात आलं होतं की प्लेट लांब नेली की ते ठिपके गोल न राहता लंबगोल होतात. आरशावरून उजेड परतावा तसे एक्स-रे स्फटिकातल्या अणूंच्या थरांवरून परततात असं धरलं, तर हे बरोबर जुळत होतं.

हे कसं, ते मला दौंड-भिगवण प्रवासात कळलं. रेल्वेच्या खिडकीतून डाळिंबाची बाग बघा. झाडं ठराविक अंतरावर लावलेली असतात. गाडी पुढे जाते तसा नुसता झाडांचा गोंधळ दिसतो आणि मध्येच एका क्षणी बाग उघडते. सरळ रांग आरपार दिसते. थोडं पुढे गेलं की तिरकी रांग उघडते. झाडं तीच, पण प्रत्येक कोनातून वेगळ्या रांगा. स्फटिकात अणू असेच लावलेले असतात आणि त्यांच्या रांगांऐवजी थर असतात. एका थरावरून परतलेली लाट आणि खालच्या थरावरून परतलेली लाट यांची पावलं जुळली, तर मोठा ठिपका उमटतो. नाही जुळली तर काहीच नाही. पावलं जुळणार की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: लाटेची लांबी, थरांमधलं अंतर आणि कोन. तोच नियम. एन लॅम्डा इज इक्वल टू टू डी साइन थीटा.

उलट बाजूनं बघितलं तर याची खरी गंमत कळते. लाटेची लांबी आणि कोन माहीत असेल, तर थरांमधलं अंतर काढता येतं. म्हणजे डोळ्यांना, कुठल्याही सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे अणू कुठं बसलेत हे मोजायची पट्टी हाती आली.

११ नोव्हेंबर १९१२ ला केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीत हे काम वाचलं गेलं. ब्रॅग साधा विद्यार्थी, म्हणून त्याच्या वतीनं जे. जे. थॉमसन यांनी मांडलं. मग सी. टी. आर. विल्सन यांनी सुचवलं म्हणून त्यानं अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यावरून एक्स-रे परतवून दाखवले. पुढच्या वर्षी मिठाची रचना काढली. त्यात सोडियम आणि क्लोरीनच्या जोड्या नव्हत्याच, दोन्ही बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून-पालटून बसलेले. मिठाचा सुटा रेणूच नसतो म्हटल्यावर काही केमिस्ट इतके चिडले, की चौदा वर्षांनंतरही एका म्हाताऱ्या प्रोफेसरनं नेचर मासिकात त्यावर आगपाखड केली.

नियम कुणाचा?

इथून पुढचा भाग वाचताना मला खरंच वाईट वाटलं.

वडिलांनी लीड्समध्ये एक्स-रे मोजायचं उत्तम उपकरण बनवलं. बाप-लेक मिळून एकामागोमाग एक स्फटिक सोडवायला लागले. मीठ, हिरा, इतर खनिजं. वडील प्रसिद्ध, वयानं पन्नाशीतले, उत्तम वक्ते. परिषदांची बोलावणी त्यांनाच यायची. ते प्रत्येक ठिकाणी मुलाचं नाव घ्यायचे, पण ऐकणाऱ्यांच्या डोक्यात राहायचं एकच: ब्रॅगचं काम. कुठला ब्रॅग? अर्थात मोठा. नावही दोघांचं विल्यमच. १९१३ मध्ये ब्रुसेल्सच्या सॉल्वे परिषदेला वडील गेले, मुलाला बोलावणं नव्हतं. तिथून त्याला एक पोस्टकार्ड आलं, अभिनंदनाचं. त्यावर आईन्स्टाईन, मेरी क्युरी, लॉरेन्झ, रदरफर्ड अशांच्या सह्या. आपल्याला ते कार्ड फ्रेम करून भिंतीवर लावावंसं वाटेल. पण त्या खोलीत त्याच्याच कामावर चर्चा चालली होती आणि तो केंब्रिजला होता.

वडिलांनी मुलाचं काही लाटलं असं अजिबात नाही. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं. पण हा विषय दोघांनी मोकळेपणानं कधी बोलून संपवला नाही आणि ती सल मुलाच्या मनात आयुष्यभर राहिली. पुढे दोघांनी कामाची वाटणी करून घेतली, वडिलांनी सेंद्रिय पदार्थ घेतले, मुलानं खनिजं आणि धातू. घरातला जमिनीचा वाद मिटवतात तसं. धातू याच्या वाट्याला आले ते इथं.

१९१४ मध्ये युद्ध सुरू झालं. लॉरेन्स तोफखान्यात भरती झाला, बॉबही. १९१५ मध्ये लॉरेन्सला फ्रान्सच्या आघाडीवर एक चमत्कारिक काम दिलं गेलं: आवाजावरून शत्रूची तोफ कुठं आहे ते शोधायचं. बॉब गॅलिपोलीला गेला. २ सप्टेंबर १९१५ ला तिथं जखमी होऊन तो वारला. ज्यानं सायकलवर उडी मारली होती, तोच बॉब.

दोन-अडीच महिन्यांनी नोव्हेंबरात नोबेल जाहीर झालं, बाप-लेक दोघांना मिळून. लॉरेन्स २५ वर्षांचा. नोबेल मिळवणारी सगळ्यात लहान व्यक्ती हा त्याचा विक्रम २०१४ मध्ये मलालानं मोडला. विज्ञानातला विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. बातमी पोचली तेव्हा तो बेल्जियममध्ये उपकरणं मांडत होता. ज्यांच्या घरी उतरला होता त्या गावच्या पाद्र्यानं तळघरातून वाइनची बाटली आणली. तो झाला नोबेलचा समारंभ. घरी सुतक होतं.

तोफा शोधायच्या कामात अडचण अशी, की साध्या मायक्रोफोनला तोफेचा खरा आवाज पकडताच येत नव्हता. गोळ्याचा कडकडाट, बंदुका, कुत्री, सगळं यायचं, फक्त तोफेचा खोल, जवळजवळ कानाला न ऐकू येणारा हुंकार यायचा नाही. तो हुंकार आहे हे ब्रॅगला कळलं संडासात. खरंच. खोलीला खिडकी नव्हती, दार लावलं की बाहेरच्या हवेशी संबंध फक्त बैठकीखालच्या पाइपातून. तोफ उडाली की बसलेला माणूस किंचित वर उचलला जायचा! मग त्याच्या तुकडीतल्या टकर नावाच्या कॉर्पोरलनं तापलेल्या बारीक तारेचा मायक्रोफोन बनवला. हवेचा तो मंद झोत तारेला गार करायचा आणि त्याची नोंद व्हायची. यंत्रणा चालली आणि सगळ्या आघाडीवर पसरली.

धातू वाकतात, बरं झालं

१९१९ मध्ये मँचेस्टरला रदरफर्डच्या जागी ब्रॅग प्रोफेसर झाले. आता प्रोफेसर झाले म्हणून अहो-जाहो. पण ते नुसते नावाचे प्रोफेसर, कारण शिकवायचा अनुभव फारसा नव्हता. वर्गात युद्धावरून परतलेली तगडी मुलं. त्यांनी नव्या सरांची अशी काही रेवडी उडवली की विचारू नका. नोबेल मिळालेल्या माणसाचा वर्ग चालत नव्हता! हळूहळू ते शिकले. १९२१ मध्ये ॲलिस हॉपकिन्सनशी लग्न झालं. ती बोलकी, हसरी. हे अबोल. संसार छान झाला. पण १९३० च्या आसपास त्यांना मानसिक आजारानं घेरलं, काम थांबलं. आज आपण बर्नआउट म्हणतो, तेव्हा असलं काही बोलायची पद्धत नव्हती. त्यातून ते सावरले.

मँचेस्टरलाच त्यांच्याकडे ए. जे. ब्रॅडली नावाचा एक जिद्दी माणूस मिश्रधातूंच्या मागे लागला होता. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त हे आपल्याला माहीत असतं. पण ठराविक प्रमाणात मिसळलं, की पितळाचा एक असा प्रकार तयार होतो ज्यात अणूंची रचना ५२ अणूंच्या गटानं पुन्हा पुन्हा येते. ब्रॅडलीनं ते एक्स-रेनं सोडवलं. १९३४ मध्ये ब्रॅग आणि विल्यम्स यांनी सांगितलं की काही मिश्रधातूंत दोन प्रकारचे अणू शिस्तीत आपापल्या जागी बसतात आणि तापवत गेलं की ती शिस्त मोडत जाते, एका तापमानाला तर पूर्णच.

पण धातू वाकतो कसा, हे अजून राहिलंच होतं. इथं दोन-चार वाक्यं फिजिक्स सहन करा.

केंब्रिजमध्ये १९२३ मध्ये जेफ्री टेलर आणि कॉन्स्टन्स एलम यांनी ॲल्युमिनियमचा एकसंध स्फटिक घेतला, ओढून लांब केला आणि एक्स-रेनं तपासला. त्यांना दिसलं की धातू ताणला तरी आतली रचना तशीच राहते. फक्त अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, पत्त्यांचा कॅट तिरका करावा तसे. आणि सरकतात तेही ठराविक थरांवरूनच, जिथं अणू सर्वांत दाट आहेत. (धातूच्या आत एक्स-रेनं डोकावणाऱ्या या बाईंचं नाव आपल्या पुस्तकांत फारसं नसतं.) पण हिशेब जुळेना. अख्खा थर एकदम सरकवायचा तर जेवढं बळ लागायला हवं, त्याच्या शेकडो ते हजार पटींनी कमी बळात धातू वाकत होता. थिअरीप्रमाणे माझी बाइंडिंग तार माझ्या बोटांनी वाकायलाच नको होती.

उत्तर १९३४ मध्ये तिघांनी वेगवेगळं काढलं: टेलर, ओरोवान आणि पोलानी. लग्नाच्या मांडवातली भलीमोठी सतरंजी आठवा. ती अख्खी ओढायची तर दहा माणसं लागतात. पण एका टोकाला एक सुरकुती पाडली आणि ती पायानं ढकलत दुसऱ्या टोकाला नेली, तर एकट्या माणसाकडून सतरंजी चार बोटं सरकते. धातूच्या आत अणूंच्या रांगांमध्ये अशाच सुरकुत्या असतात, रचनेतले दोष. डिसलोकेशन म्हणतात त्यांना. दोष पळतो आणि धातू वाकतो. निर्दोष लोखंड तुम्हाला वाकवताच आलं नसतं.

कागदावर झकास. पण डिसलोकेशन कुणी पाहिलं नव्हतं. बरेच लोक मानायलाही तयार नव्हते.

१९३८ मध्ये ब्रॅग केंब्रिजच्या कॅव्हेंडिश लॅबचे प्रमुख झाले, पुन्हा रदरफर्डच्याच जागी. १९४१ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली तेव्हा त्यांनी लॉरेन्स हे नाव लावलं, कारण सर विल्यम ब्रॅग हे नाव वडिलांचं होतं. पुढच्या वर्षी वडील गेले. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी या माणसाला स्वतःचं नाव मिळालं, असं मी मनाशी म्हटलं.

त्यांना बागकामाचा नाद होता. गवत कापायच्या मशिनसाठी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळताना एकदा त्यांचं लक्ष वर तरंगणाऱ्या बुडबुड्यांकडे गेलं. सगळे एकसारखे, एकमेकांना चिकटून, षटकोनी रचनेत बसलेले. हुबेहूब अणूंचा थर! दुसरा कुणी असता तर टाकीचं झाकण लावून मोकळा झाला असता. ब्रॅगनी जॉन नाय या विद्यार्थ्याला घेऊन पसरट भांड्यात साबणाचं पाणी भरलं, बारीक नळीतून सारख्या दाबानं हवा सोडली आणि हजारो समान बुडबुड्यांचा तराफा तयार केला. बुडबुडे पाण्याच्या पृष्ठताणामुळे एकमेकांकडे ओढले जातात, पण फार जवळ आले की ढकलतात. धातूतले अणू साधारण तसंच वागतात.

तराफा दोन्ही बाजूंनी ताणला. आणि मग जे दिसलं ते बघायला जग तेरा वर्षं थांबलं होतं. बुडबुड्यांच्या रांगांमध्ये एक सुरकुती तयार झाली आणि सर्रकन तराफ्यातून पळत गेली. मागे रांग एका बुडबुड्यानं सरकलेली. डिसलोकेशन, उघड्या डोळ्यांना! मध्ये एखादा मोठा किंवा लहान बुडबुडा घुसवला, तर आजूबाजूच्या रांगा विस्कटायच्या आणि पळणारी सुरकुती तिथं अडखळायची. मिश्रधातू शुद्ध धातूपेक्षा टणक का, पितळ तांब्यापेक्षा कडक का, त्याचा हा दृश्य पुरावा. हा पेपर १९४७ मध्ये रॉयल सोसायटीनं छापला. रिचर्ड फाइनमन यांना तो इतका आवडला, की आपल्या प्रसिद्ध लेक्चर्सच्या दुसऱ्या खंडात त्यांनी तो जसाच्या तसा घातला. फिजिक्सवाल्यांनी लायब्ररीत तिसावा चॅप्टर उघडून बघा, बुडबुड्यांचे फोटो आहेत.

हे घरी जमतं का, म्हणून मी करून पाहिलं. परात, भांडी घासायचं लिक्विड, थोडं ग्लिसरीन, फिशटँकचा छोटा पंप आणि इंजेक्शनची बारीक सुई. पहिल्या दिवशी लहान-मोठे बुडबुडे येऊन सगळा चिवडा झाला. नळीला चिमटा लावून हवा कमी केली, सुई एका जागी पक्की केली, तेव्हा दुसऱ्या दिवशी एकसारखे आले. परातीच्या कडेनं पट्टीनं हळूच ढकललं आणि एक रेघ पळाली. मामा वेल्डिंग थांबवून बघायला आला.

केसाहून बारीक झोत

पण बुडबुडे म्हणजे धातू नव्हे. खऱ्या धातूत काय होतं ते दाखवायला एक्स-रेच हवे होते. ब्रॅग यांच्या पहिल्या प्रेमाकडे गाडी परत आली.

धातू न वाकवलेला असेल तर एक्स-रेचे ठिपके नेटके, ठसठशीत येतात. वाकवला की ते पसरतात, ओघळतात, चट्टे होतात. आत काहीतरी बिघडलंय एवढं त्यावरून कळायचं, काय ते कळायचं नाही. कारण एक्स-रेचा झोत इतका जाड असायचा, की त्यात धातूचे असंख्य कण एकदम यायचे आणि सगळ्यांचे ठिपके एकमेकांत मिसळून सलग कडी दिसायची. यात्रेतला आवाज लांबून ऐकावा तसं. एकेकाचं बोलणं ऐकायचं तर झोत बारीक करायला हवा. कॅव्हेंडिशमधल्या एका गटानं युद्धानंतर तोच मार्ग धरला. त्यात पीटर हर्श नावाचा तरुण होता, नाझींच्या छळामुळे शाळकरी वयात बर्लिनहून इंग्लंडला आलेला. त्यांनी केसाहून बारीक झोत तयार केला. झोत बारीक म्हणजे उजेड कमी, म्हणून फोटोप्लेट तासन्‌तास उघडी ठेवावी लागायची.

ठोकलेल्या ॲल्युमिनियमचा फोटो घेतला आणि ती सलग कडी फुटून सुटे ठिपके दिसले. अर्थ असा, की वाकवताना धातूचा प्रत्येक कण आतल्या आत आणखी छोट्या तुकड्यांत विभागतो, साधारण दोन मायक्रॉनचे तुकडे, एकमेकांशी किंचित तिरके. तुकडा आतून बऱ्यापैकी नीटनेटका आणि डिसलोकेशनची गर्दी सीमेवर. १९५० मध्ये हे नेचरमध्ये आलं.

आता माझ्या तारेकडे येऊ. तार वाकवली की डिसलोकेशन पळतात आणि पळता पळता त्यांची संख्या वाढते. आधी वाट मोकळी असते. मग ती एकमेकांच्या आड येतात. गळीत हंगामात भिगवणच्या चौकात उसाचे ट्रॅक्टर चारी बाजूंनी घुसतात आणि कुणालाच हलता येत नाही, तसं. हलता येत नाही म्हणजे तार वाकत नाही, कडक झाली. तरीही जोर लावला की चीर पडते आणि तुटते. तापवली की अणूंना हालचालीला बळ मिळतं, डिसलोकेशनची गर्दी ओसरते, पुढे नवे स्वच्छ कण वाढतात आणि तार पुन्हा मऊ होते. बाइंडिंग तार मुळात अशीच तापवून मऊ केलेली असते. मामाच्या उस्तादाचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं.

हर्शला ते तुकडे नुसत्या ठिपक्यांवरून ओळखायचे नव्हते, बघायचे होते. म्हणून त्यानं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप धरला. १९५६ मध्ये हर्श, हॉर्न आणि व्हेलन यांना ॲल्युमिनियमच्या पातळ फॉइलमध्ये बारीक काळ्या रेषा दिसल्या. इलेक्ट्रॉनचा झोत तीव्र केला आणि त्या सरकायला लागल्या. बावीस वर्षं कागदावर असलेलं डिसलोकेशन खऱ्या धातूत धावताना दिसलं.

तोवर ब्रॅग केंब्रिज सोडून गेले होते.

जाताना त्यांच्या लॅबमध्ये आणखी एक प्रकरण घडलं होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिकनी डीएनएची रचना मांडली ती याच कॅव्हेंडिशमध्ये, आणि ज्या एक्स-रे फोटोंवर ती उभी होती ते वाचायची रीत ब्रॅगचीच. आधी एक मॉडेल साफ चुकल्यावर ब्रॅगनी दोघांना हे काम बंद करायला सांगितलं होतं. क्रिक तर त्यांना फार बोलतो म्हणून नकोसा झालेला. नंतर त्यांनी स्वतःच परवानगी दिली आणि निकालाची पाठराखण केली. वॉटसनच्या पुस्तकात त्यांची थोडी थट्टा आहे, तरी त्या पुस्तकाला प्रस्तावना ब्रॅग यांचीच. इथं बऱ्याच जणांनी कोर्टाची नोटीस पाठवली असती.

१९५४ पासून ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये होते. तिथं त्यांनी शाळेच्या मुलांसाठी प्रयोगांसह व्याख्यानं सुरू केली. दरवर्षी हजारो मुलं यायची. मँचेस्टरच्या वर्गात घाम फुटलेला माणूस आता पोरांना खुर्चीवरून हलू देत नव्हता, आणि नंतर टीव्हीवरही दिसायला लागला. लंडनच्या फ्लॅटला बाग नव्हती हेच त्यांचं दुःख. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा क्रिकनी लिहून ठेवलाय. आठवड्यातून एक दुपार ते जुने कपडे घालून, नाव न सांगता एका श्रीमंत बाईंच्या बंगल्यात माळीकाम करायला जायचे. बाईंना माळी फार पसंत होता. एके दिवशी घरी पाहुणा आला, खिडकीतून बाहेर बघितलं आणि सर लॉरेन्स ब्रॅग तुमच्या बागेत काय करतायत, असं विचारून बसला.

१ जुलै १९७१ ला ब्रॅग गेले. माझ्या परातीतले बुडबुडे मात्र तासाभरातच फुटले, ग्लिसरीन कमी पडलं होतं बहुतेक. पुढच्या सुट्टीत जास्त घालून बघणार आहे, आणि एक मोठा बुडबुडा मध्ये घुसवायचा आहे.